खालच्या ओठाची उजवी बाजू

तेवीस वर्षं मी कापड ओठाला लावून पास-नापास करत आले आहे. बोईसरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. कोरं कापड येतं, ते आम्ही धुतो, रंगवतो, वाळवतो आणि बांधून देतो. मी असते फोल्डिंग खात्यात. वाळवणाऱ्या मशीनमधून, म्हणजे स्टेंटरमधून, कापड बाहेर पडलं की त्याच्या घड्या होतात आणि गासडी बांधायच्या आधी प्रत्येक ताका माझ्या टेबलावरून जातो. मी मधलीच एक घडी उचलते, खालच्या ओठाच्या उजव्या बाजूला टेकवते, दोन श्वास थांबते आणि सांगते. कोरडं असेल तर पुढे, ओल राहिली असेल तर परत मशीनवर.

पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात. त्यांना वाटतं, मी कापडाचे मुके घेते. पण यात गंमत काही नाही. दिवसभर घड्या चाळून बोटं निबर होतात, दुपारनंतर त्यांना काही कळत नाही. ओठाला कळतं. सुती कापडात जराशी ओल असली तरी ओठाला गारवा लागतो. आमच्याकडे खात्याच्या प्रमुखाला मास्तर म्हणतात. माझ्या पहिल्या मास्तरांनी मला टेबलावर उभं केलं त्या दिवशीच हे शिकवलं होतं. ओल मोजायचा मीटरही आहे, पण तो वरच्या घडीचं सांगतो, आणि त्याचे सेल बहुतेक वेळा खात्यातल्या भिंतीवरच्या घड्याळात असतात.

एक कबूल करते. मला या ओठाचा गर्व होता. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून मी खात्यात प्रसिद्ध आहे. स्टेंटर चालवणारा माणूस उत्तर प्रदेशातला. बारा वर्षं आमची रोजची भांडणं. मी ताका परत पाठवला की तो कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "मैडम, मशीन ने पास कर दिया, आप काहे फेल करती हो?" मी म्हणायचे, "तुझ्या मशीनला ओठ आहेत का?" यावर तो पुटपुटत ताका परत न्यायचा.

मग दिवाळीनंतर माझी अक्कलदाढ दुखायला लागली. खालची, उजवी.

बोईसरच्या दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला समोर बसवून दाखवला. जबड्याच्या हाडात एक नस जाते, तुमच्या दाढेचं मूळ तिला टेकलंय, दाढ काढताना नस दबू शकते, मग ओठ आणि हनुवटी काही दिवस, क्वचित जास्त काळ, बधिर राहू शकते. त्यांनी सगळं नीट सांगितलं. मी कागदावर सही करत होते आणि विचारत होते की उद्या पहिल्या पाळीला जाता येईल ना. माझ्यासारख्या बाईला दुसऱ्याचं ऐकायची सवय कमी.

दाढ निघाली. इंजेक्शनचा बधिरपणा संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाले होते. डावी बाजू उतरायची गरजच नव्हती, ती जागीच होती. उजवी संध्याकाळी उतरली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, टाके काढायच्या दिवशीही नाही. बधिर म्हणजे नुसतं जड नव्हे. पेला ओठाला लावला की अर्धाच पेला लागायचा. काठ तुटलेल्या कपातून प्यावं तसं वाटायचं. चहा हनुवटीवरून ओघळून पदरावर पडेपर्यंत पत्ता नसायचा.

डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी गोळ्या दिल्या आणि पालघरच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. "याच आठवड्यात जा," म्हणाले. मी चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढली. लग्नसराईचा माल निघायचा होता. सूज उतरली की येईल ओठ ठिकाणावर, असं मी ठरवून टाकलं.

घरात लपवणं शक्य नव्हतं. जेवताना भाताचं शीत हनुवटीला चिकटलेलं असायचं आणि मी तोऱ्यात बोलत असायचे. माझा नवरा दुसऱ्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. माणूस कमी बोलणारा. त्याने एक खूण काढली. स्वतःच्या हनुवटीला एक बोट लावायचं, की मी पुसायचं. एका लग्नात पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला बसून तो हनुवटीला बोट लावून बसला होता आणि शेजारचा माणूस त्याला विचारत होता की दाढ दुखते का. मला हसू आलं आणि मागोमाग रडूही.

कारखान्यात मात्र मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पूर्वीसारखीच घडी उचलायची, ओठाला टेकवायची, दोन श्वास थांबायचं, आणि सांगायचं. ओठाला काय कळत होतं? काहीच नाही. कापड लागलंय की नाही हेसुद्धा मी डोळ्यांनी बघून ठरवत होते. नंतर सगळ्यांनी विचारलं, मग डाव्या बाजूला का नाही लावलंस? लावून पाहिलं होतं, घरी. डाव्या बाजूला ओलं कळायचं. "थोडं ओलं" कळायचं नाही, आणि आमचा सगळा धंदा त्या "थोडं"वर चालतो. शिवाय डाव्या हाताने घडी उचलली असती तर खात्यात लगेच कुजबुज झाली असती. खरं कारण हेच होतं.

तरी तीन आठवडे मी निभावून नेलं. कसं, ते मला तेव्हा नीट उमगलंही नव्हतं. कोरडं सुती कापड घडी उलगडताना कुरकुरतं, ओलसर कापड गप्प असतं. ओलसर कापडाला वासही वेगळा. कान आणि नाक माझं काम करत होते, आणि श्रेय मी ओठाला देत होते.

मग पलंगपोसांचा एक लॉट आला. हे कापड मऊ करायला त्यावर एक रसायन देतात. त्याने कुरकुर मरते आणि वास तर सगळा त्या रसायनाचाच येतो. मी घडी ओठाला टेकवली, थांबले, आणि म्हणाले, "पुढे."

काही दिवसांनी माल परत आला. गासड्या फोडल्या तर आतल्या घड्यांवर बुरशीचे काळे ठिपके. मास्तरांनी सगळ्यांना उभं केलं. हे मास्तर आताचे, वयाने माझ्याहून लहान, पण डोक्याने थंड. त्यांचा हिशोब सरळ होता: मीटरवर नोंद कोरडी, टेबलावर मी पास केलेलं, म्हणजे चूक स्टेंटरची. कापड फार वेगात काढलं असणार. त्यांनी स्टेंटरवाल्याला सांगितलं, उद्यापासून मशीनवर दुसरा माणूस येईल, तुम्ही खाली धुलाईला जा.

तो मान खाली घालून हातातला रुमाल पिळत उभा राहिला. बारा वर्षं माझ्याशी तोंडाला तोंड देणारा माणूस. मला ते बघवेना.

"त्याची नाही चूक," मी म्हणाले. "वेग थोडा जास्त असेल, तसा तो नेहमीच असतो. मी परत पाठवायला हवं होतं. मला कळलंच नाही. माझा ओठ महिनाभर मेलेला आहे."

पहिला तोच बोलला. "एक महीना से? और मेरे को रोज गाली देती रही?"

मास्तरांनी त्याला मशीनवर ठेवलं. मला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं आणि गासड्यांना लेबलं लावायच्या टेबलावर बदललं. "ओठ परत आला की टेबल परत," ते म्हणाले. "पण मी तपासून घेईन. तुमच्या शब्दावर नाही." बोचलं. पण बरोबर होतं. माझ्या जागी उभी राहिली पाम गावची एक बाई, तिशीतली, जिला गेली दोन वर्षं मीच शिकवत होते आणि सारखी टाकून बोलत होते. त्या संध्याकाळी मी पर्सची चेन उघडली आणि चिठ्ठी काढली.

पालघरच्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी कधी नव्हे ते घाबरले. त्यांनी जबड्याचा मोठा फोटो काढायला लावला. नस तुटलेली दिसत नाही, दबली आहे, ठेचली आहे, असं म्हणाल्या. नस हळूहळू भरून येते, तिला वेळ द्यावा लागतो. गोळ्या आणि जीवनसत्त्वं लिहून दिली. मग मला डोळे मिटायला सांगून कापसाची वात, मऊ कुंचला आणि बोथट सुई एकेक करून ओठाला, हनुवटीला लावली. लागलं की "हो" म्हणायचं. जिथे कळत नव्हतं त्या भागाभोवती त्यांनी पेनाने रेघ काढली आणि मोबाइलवर फोटो घेतला. ओठाच्या मधोमधपासून कोपऱ्यापर्यंत आणि खाली हनुवटीच्या टोकापर्यंत. माझ्या तोंडावर एक तालुका आखला होता.

"तीन महिन्यांनी परत मोजू," त्या म्हणाल्या. "तोवर काहीच फरक नसेल तर मुंबईला शस्त्रक्रियेचा विचार करू. फार थांबायचं नाही. आणि रोज व्यायाम." आरशासमोर बसायचं, आधी चांगल्या बाजूला कुंचला फिरवायचा, मग बधिर बाजूला, आधी डोळे उघडे, मग मिटून. मेंदूला ओठाची ओळख परत करून द्यायची.

रेघ पुसायची मला आठवण राहिली नाही. कशी राहणार, ती तिथे आहे हे कळायला हनुवटी कुठे होती? एसटीत मी चांगली खिडकीपाशी ऐटीत बसले. समोरच्या सीटवर सातपाटीची एक मासळीवाली रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिने बराच वेळ निरखलं, मग म्हणाली, "काय गो बाय, तोंडावर कोनी लिवलंय?"

मी हनुवटीला हात लावला. बोटांना हनुवटी लागली, हनुवटीला बोटं लागली नाहीत. मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, नवऱ्यालासुद्धा इतकं सलग सांगितलं नव्हतं. तिने लुगड्याच्या पदराचं टोक थुंकीने ओलं करून माझी हनुवटी लहान मुलीची पुसावी तशी पुसली. "येल बाय," म्हणाली, "मेलं नाय ते, निजलंय." तिचा स्टॉप आला आणि ती उतरून गेली. ओठाला तिच्या पदराचं काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

व्यायाम मी दोन दिवस कुंचल्याने केला आणि कंटाळले. कुंचल्याशी माझं काय नातं? तिसऱ्या दिवशी खात्यातून चिंध्या गोळा केल्या. टॉवेलचं कापड, मांजरपाट, ड्रिल, पॉपलिन, केंब्रिक, मलमल आणि अशीच आणखी काही. खरखरीतपासून मऊपर्यंत दहा तुकडे, सारख्या मापाचे, कात्रीने नीट कापलेले. सकाळी आरशासमोर बसायचं आणि डाव्या ओठाला मांजरपाट, उजव्या ओठाला मांजरपाट. डाव्याला मलमल, उजव्याला मलमल. डावा लगेच सांगायचा. उजवा दगड.

जेवणाच्या सुट्टीत पामची बाई मदतीला यायला लागली. मी सांगितलं नव्हतं, तीच आली. तिच्या ओढणीने माझे डोळे बांधायची, एकेक तुकडा उजव्या ओठाला लावायची आणि मी नाव सांगायचे. मी म्हटलं, तू माझं टेबल घेतलंस, वर मलाच शिकवतेस? ती म्हणाली, "ताई, टेबल तुमचंच हाय. मी फक्त उभी हाय तिथं."

आणि काय सांगू, पहिल्याच आठवड्यात दहापैकी नऊ बरोबर. मी हवेत. नवऱ्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, स्टेंटरवाल्याला मुद्दाम जाऊन सांगितलं. पामची बाई तेवढी गप्प होती. मला वाटलं, टेबल जाणार म्हणून गप्प असेल.

दुसऱ्या दिवशी तिने परत डोळे बांधले.

"हे?"

"केंब्रिक."

"आनि हे?"

"ड्रिल. सोपं विचारू नकोस."

"हे?"

"मलमल."

"ताई," ती म्हणाली, "ओढणी काढा."

मी काढली. ती माझ्यापासून हातभर लांब उभी होती, हातात मलमलीचा तुकडा. "मी एकपन तुमच्या ओठाला लावला नाय," ती हळू आवाजात म्हणाली. "नुसता जवळ हालवला. तुमी कानानं वळखताय. काल पन तसंच."

मला राग आला. इतका की मी डबा तसाच टाकून उठले. आरशात पाहिलं असतं तर अख्खा ओठ रागाने थरथरताना दिसला असता, मला मात्र तो डावाच तेवढा जाणवत होता. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लेबल चिकटवता चिकटवता अचानक लख्ख दिसलं की पलंगपोसांच्या लॉटला मी जे केलं तेच मी स्वतःला करत होते. ओठ कापडाला लावायचा आणि उत्तर कानाकडून घ्यायचं. फसायला आणि फसवायला तेवीस वर्षांची विद्या लागते. नवख्या बाईला ते जमलंच नसतं.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट आठवली. पालघरच्या डॉक्टरबाईंच्या हातात काचेच्या दोन बांगड्या होत्या. त्या कापूस लावायला हात पुढे करत तेव्हा त्या किणकिणायच्या. मी किती वेळा ओठाला लागलं म्हणून "हो" म्हणाले होते आणि किती वेळा बांगड्यांना? तो नकाशाच खोटा होता.

मी पामच्या बाईजवळ गेले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे मी म्हटलं, "डबा आणलास का?" तिने आणला होता. तिच्या घरच्या तांदळाच्या भाकरीचा अर्धा भाग मी घेतला आणि म्हणाले, "उद्यापासून कानात कापूस. आणि नाकाखाली बाम."

मग खरा अभ्यास सुरू झाला. कानात कापसाचे बोळे, नाकाखाली डोळ्यांत पाणी आणणारा बाम, डोळ्यांवर ओढणी. ऐकू येत नाही म्हणून ती खांद्यावर टिचकी मारायची, म्हणजे "सांगा." पहिल्या दिवशी दहापैकी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. मी त्या शून्याला पाहून रडले नाही. अंदाज लावायचा मोह मात्र रोज व्हायचा. ती टिचकी मारायची आणि माझ्या जिभेवर "पॉपलिन" तयार असायचं. मी ते गिळायचे आणि म्हणायचे, "नाही कळत." हे दोन शब्द मी आयुष्यात जेवढे बोलले नव्हते तेवढे त्या हिवाळ्यात बोलले.

तीन महिन्यांनी पालघरला गेले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं. "मागचा नकाशा खरा नाही. मी तुमच्या बांगड्या ऐकत होते." डॉक्टरबाई आधी थक्क झाल्या, मग त्यांनी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, घड्याळही काढलं. या वेळची रेघ मागच्यापेक्षा मोठी आली. तीन महिने व्यायाम करून माझा तालुका वाढला होता. माझा चेहरा पडला असणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबा, आणि ओठाच्या अगदी कोपऱ्याला सुईचं बोथट टोक जरा दाबलं.

मी ओरडले. चटका बसला, हनुवटीपर्यंत वीज गेल्यासारखा.

"कसलं लागलं?"

"वाईट लागलं."

"छान," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या मोठ्याने हसल्या की बाहेरची मुलगी दार उघडून बघून गेली. नस जागी होतेय, ती आधी अशीच वेडीवाकडी बोलते, असं त्यांनी सांगितलं. शस्त्रक्रियेचं सध्या नाव नको. मी त्या चटक्याची आठवण एसटीभर जपत आले, आणि या वेळी उतरायच्या आधी हनुवटी पुसली.

मार्चमध्ये मुंग्या आल्या. खरोखरच्या मुंग्या चालाव्यात तसं ओठाखाली चालायचं, विशेषतः दुपारी. खाजवावं तर जागा सापडायची नाही. वारा लागला की झणझणायचं, दात घासताना डोळ्यांत पाणी यायचं. नवऱ्याला वाटायचं मला त्रास होतोय. त्रास होताच, पण मी त्याला म्हणाले, दुखतंय ते माझंच दुखतंय, दुखू दे. चैत्रात एका सकाळी चहा प्यायला बसले आणि झटकन कप खाली ठेवला. उजवा ओठ पोळला होता. चहा पोळतो हे इतक्या महिन्यांनी कळल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या नवऱ्याला हाक मारली. तो धावत आला. "भाजलं," मी म्हणाले. आम्ही दोघंही मूर्खासारखे हसत होतो.

कापडं अशा क्रमाने परत आली: आधी टॉवेल, मग मांजरपाट, मग ड्रिल. बरेच दिवस बाकी सगळं एकच वाटायचं. मग एक दिवस पॉपलिन वेगळं झालं. मलमल सगळ्यांत शेवटी आली. तोवर पावसाळा मध्यावर आला होता, आणि आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत कापड कोरडं राखणं म्हणजे रोजची लढाई. मी मास्तरांच्या केबिनमध्ये गेले. "तपासून घ्या," म्हटलं.

चहाच्या सुट्टीत माझ्याच टेबलावर परीक्षा झाली. मास्तर वही घेऊन बसले. स्टेंटरवाला मशीन बंद करून आला, वर म्हणाला, "हम भी देखेंगे, हमारा भी सवाल है." पामच्या बाईने कानात बोळे घातले, बाम लावला, ओढणी बांधली. आधी दहा तुकडे. मास्तरांनी नंतर सांगितलं, आठ बरोबर. केंब्रिक आणि पॉपलिनची मी अदलाबदल केली. मग खरा पेपर: एकाच कापडाच्या घड्या, काही कोरड्या, काही ओल्या, काही थोड्या ओल्या. घडी ओठाला लागली की मी दोन श्वास थांबत होते. पूर्वीसारखंच. फक्त या वेळी कापड खरंच तिथे होतं, त्याची वीण, त्याचा गारवा. कोरडं. ओलं. कोरडं. थोडं.

खांद्यावर टिचकी बसली.

मी थांबले. ओठाला काही लागत नव्हतं. आणखी दोन श्वास थांबले. गेलं की काय परत? ऐन वेळी? जिभेवर "कोरडं" तयार होतं. कदाचित ते बरोबरही ठरेल, असं वाटलं. पण बधिर ओठाचं "काही नाही" मला चांगलं ठाऊक होतं, त्यात मी अर्धं वर्ष राहिले होते. त्यात ओठच नसतो. आता ओठ होता. त्यावर पंख्याचा वारा लागत होता, बामाचा ओघळ जरा झोंबत होता, आणि कापड नव्हतं.

"तू काही लावलंच नाहीस," मी म्हणाले.

कुणी काय उत्तर दिलं मला ऐकू आलं नाही. मी ओढणी ओढून काढली. पामची बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मास्तरांनी वही मिटली होती. मी कानातले बोळे काढले तेव्हा स्टेंटरवाला कपाळाला हात लावून म्हणत होता, "लो. अब फिर से हमारा माल फेल होगा."

हनुवटीच्या टोकाशी एक ठिपका अजून बधिर आहे, तुरीच्या डाळीएवढा. तो कदाचित तसाच राहील, असं डॉक्टरबाई म्हणतात. कधी कधी नेमकं तिथेच शीत बसतं, आणि पंगतीत नवरा हनुवटीला बोट लावतो. मास्तरांनी टेबलं दोन केली. दुसऱ्यावर पामची बाई उभी राहते, आणि मी तिला आता टाकून बोलत नाही. फार नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला माझ्या टेबलावर पहिला ताका आला. बाहेर मुसळधार पाऊस. स्टेंटरवाला मशीनपाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी मधली घडी उचलली, उजव्या ओठाला टेकवली, दोन श्वास थांबले.

"परत," मी म्हणाले.

"कितना गीला है?" त्याने तिथूनच विचारलं.

"थोडं."

त्याने कमरेवर हात ठेवले, बारा वर्षं ठेवायचा तसे. मग ताका उचलला आणि मशीनवर चढवला.